नाव घेणाऱ्याचे घर

नदीकाठच्या एका गावात एक तालीम होती. तिला बारवेची तालीम म्हणत. नाव तालमीचे, पण आखाड्यातली माती कधीच वाळून गेली होती. पोरांनी लंगोट खुंटीला टांगले होते आणि पायांत बूट चढवले होते. त्या गावात पेठ तिथे तालीम आणि तालीम तिथे फुटबॉलचा संघ. सामन्याच्या दिवशी दुकाने बंद होत, लग्नांचे मुहूर्त मागेपुढे सरकत, आणि ज्यांची सासुरवाडी समोरच्या पेठेत असे ते जावई आठवडाभर तिकडे फिरकत नसत.

त्या वर्षी बारवेची तालीम शेवटच्या सामन्यात हरली. नुसती हरली असती तर पेठेने ते गिळले असते. पण ती खालच्या तालमीकडून हरली. दोन्ही पेठांमध्ये एकच रस्ता आडवा, त्यामुळे पलीकडचे फटाके अलीकडे स्पष्ट ऐकू येत होते. त्या दिवशी बारवेच्या पेठेत घरोघरी स्वयंपाक झाला, पण धड कुणी जेवले नाही.

मग उन्हाळा लागला. मैदान बंद झाले आणि कट्टा सुरू झाला. तालमीसमोरच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी पेठ जमायची. विषय एकच, पुढच्या मोसमाला बाहेरून कोणाला आणायचे? स्पर्धेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संघाला गावाबाहेरचा एकच खेळाडू घेता येई. त्या एका जागेसाठी कट्ट्यावर रोज नवा माणूस उभा राही आणि रोज आडवा होई. कुणी केरळचे नाव घेई, कुणी मणिपूरचे. एका उत्साही पोराने तर दक्षिण अमेरिकेतल्या एका खेळाडूचे नाव घेतले. तेव्हा संघाचे वस्ताद रंगराव यांनी त्याला आपली एस.टी. कुठवर जाते ते शांतपणे विचारले. ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, ते सगळ्यांत मोठ्याने बोलत. अशी माणसे नसतील तर कट्टे ओस पडतील, म्हणून त्यांना नावे ठेवू नयेत.

या कट्ट्यावर दोघांचा शब्द चाले. एक सर्जेराव मांगोरे, पिठाच्या गिरणीचे मालक. गिरणीच्या घरघरीवर बोलून बोलून त्यांचा आवाज कायमचा चढला होता. ‘कसं काय, बरं हाय न्हवं?’ असे त्यांनी विचारले तरी नवख्या माणसाला भांडण काढल्यासारखे वाटे. दुसरे शौकतभाई बागवान. त्यांची केळ्यांची वखार होती. तरुणपणी ते तालमीचे गोलकीपर होते, आणि अजूनही कुणी काही फेकले की त्यांचे दोन्ही हात आपोआप वर जात.

“पुढं खेळणारा पायजे,” सर्जेराव म्हणत. “गोल घालणारा. गोल घातल्याबिगर कोण जिंकलंय आजवर?”

“आन् खाल्लेले कुणी मोजायचे?” शौकतभाई म्हणत. “आपलं दार सताड उघडं हाय, सर्जेराव. आधी कीपर बघा.”

“कीपर बघायला कोण मॅचला येतंय?”

“आमची अम्मी यायची की,” शौकतभाई म्हणत, आणि कट्टा हसे. पण हसून झाले की पुन्हा भांडण तिथूनच सुरू होई.

बोलायला कुणाला बंदी नव्हती. पण बारवेच्या तालमीत एक जुनी रीत होती. कट्ट्यावर काहीही बोलावे, तालमीच्या बैठकीत उभे राहून नाव मात्र जपून घ्यावे. कारण बैठकीत ज्याने नाव घेतले, त्याने त्या खेळाडूला मोसमभर आपल्या घरात ठेवायचे आणि आपल्या पंगतीला जेवू घालायचे. आणि खेळाडू नाही चालला तर त्याला परत पाठवण्याचे कामही त्याचेच. स्वतः स्टँडवर घेऊन जायचे, गाडीत बसवायचे, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभे राहायचे. ही रीत कुणी घातली हे आज कुणाला ठाऊक नाही. जो कोण होता त्याला कट्ट्यावरच्या माणसांची चांगलीच पारख होती. कट्ट्यावर डझनावारी नावे घेणारे बैठकीत घसा खाकरत बसत.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा सर्जेरावांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. गोव्यातल्या कुठल्याशा गावचा सामना होता, भर पावसातला. चिखलाने खेळाडूंची तोंडे ओळखू येत नव्हती. तो काढणारा माडांच्या आडोशाला उभा होता, त्यामुळे निम्मे चित्र हलत होते आणि उरलेल्या निम्म्यात झावळ्या होत्या. पण त्या चिखलात निळ्या जर्सीचा एक खेळाडू दोघांना चकवून असा गोल मारत होता की बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप ‘आयला’ निघावे. मागे लाउडस्पीकरवर बोलणारा माणूस ‘आग्नेल! आग्नेल!’ असे ओरडत होता, आणि गोल झाल्यावर गलक्यात त्याचा आवाज बुडून जात होता.

सर्जेरावांनी तो व्हिडिओ गिरणीत बघितला, घरी बघितला, कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला. दळण न्यायला आलेल्या बायकांनाही दाखवला. पोरांनी तो आपापल्या मोबाइलवर घेतला. शौकतभाईंनीही चष्मा पुसून बघितला आणि थोडा वेळ ते कीपरचा विषय विसरले. पुढच्या बैठकीत सर्जेराव उभे राहिले आणि तालमीच्या छपरापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, “गोव्याचा आग्नेल. नाव मी घेतो, घर माझं.”

गिरणीला पट्टे पुरवणारा एक माणूस मडगावचा होता. त्याच्याकरवी निरोप गेला. बारवेच्या तालमीला आग्नेल हवा आहे.

आग्नेल आला. विशीतला, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. आपल्याला कुणी इतक्या लांबून नाव घेऊन बोलावले याचेच त्याला मोठे अप्रूप वाटत होते. त्याच्या गावच्या संघाने त्याला हौसेने निरोप दिला होता आणि त्याची जागा लगेच दुसऱ्याला दिली होती. पेठेने त्याच्यासाठी स्टँडवर हलगी लावली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतले. तो बावरून हसत होता आणि खाली उतरवल्यावर त्याने ज्याला त्याला हात जोडले.

सर्जेरावांच्या बायकोने, इंदुमतीबाईंनी, माजघराशेजारची खोली झाडून त्याला दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी कौतुकाने रस्सा केला. पोराने तो डोळ्यांतून पाणी काढत संपवला आणि ‘काकी, बरा आहे’ असे म्हणून तांब्याभर पाणी प्यायला. मग ज्या बाईने जन्मात मासा शिजवला नव्हता तिने बाजारात जाऊन मासळी आणली आणि त्यालाच विचारून विचारून शिजवली. सर्जेरावांना तो वास सोसेना, तरी ते शेजारी बसूनच जेवत. सरावाहून आला की आग्नेल आपणहून गिरणीत जाई, डबे उचलून देई, आणि केसापासून पायापर्यंत पिठाने पांढरा होऊन जेवायला बसे. थोड्याच दिवसांत इंदुमतीबाई शेजारणींशी बोलताना ‘आमचा आग्नेल’ म्हणू लागल्या.

मैदानावर मात्र काही जमेना. वस्ताद रंगरावांनी त्याला सगळ्यांच्या पुढे उभे केले, कारण गोल मारण्यासाठीच त्याला आणला होता. तो धावे, घाम गाळे, पण गोलसमोर चेंडू मिळाला की मारायच्या आधी मान वर करून बघे, कोण मोकळा आहे का. तेवढ्यात कुणीतरी चेंडू काढून नेई. सराव सामने झाले, त्यातही तेच. मारले त्यातले काही बाहेर गेले, काही कीपरच्या पोटात.

कट्ट्याचा सूर बदलायला वेळ लागत नाही. ज्यांनी त्याला खांद्यावर घेतले होते तेच आता पाठीमागे बोलू लागले. “हा गोव्याहून आलाय का गोव्याला निघालाय?” एकाने विचारले. “आण्णांनी चाळून न घेताच आणलंय,” दुसरा म्हणाला. सर्जेरावांना पेठ आण्णा म्हणे. आग्नेलला मराठी बोलता जेमतेम येई, पण समजे सगळे. तो खाली बघून निघून जाई. सर्जेरावांनाही राग येऊ लागला होता. आपण एवढ्या आवाजात नाव घेतले आणि या पोराने आपले हसे करावे, हे त्यांना झोंबत होते. घरात ते त्याच्याशी तुटक बोलू लागले.

एका दुपारी तिघे जेवत असताना सर्जेरावांचा धीर सुटला. त्यांनी मोबाइल काढून आग्नेलच्या ताटाशेजारी ठेवला आणि व्हिडिओ लावला.

“ह्यो तूच न्हवं?” ते म्हणाले. “हितं असा मारतोस. मग आमच्याकडं आल्यावर तुला काय धाड भरली?”

आग्नेलने बघितले आणि त्याचा चेहरा खुलला. गावचे मैदान बघून त्याला आनंद झाला होता. “तो हांव न्हय, काका,” तो हसत म्हणाला. तो मी नव्हे. मग त्याने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे झावळ्यांच्या मधून निळ्या जर्सीचाच दुसरा एक खेळाडू क्षणभर दिसत होता. त्याने मान वर करून एकदा बघितले आणि चेंडू असा सोडला की तो तिघांच्या मधून सरळ पुढच्याच्या पायात गेला. “हा मी. पास माझा, म्हणून माझं नाव घेतलं. गोल मारला तो सेबी. आमच्या वाड्यावरचाच.”

बोलता बोलता त्याचे हसू ओसरले. त्याने सर्जेरावांकडे बघितले, मग मोबाइलकडे, मग पुन्हा सर्जेरावांकडे.

“तुम्हांला तो पाहिजे होता?” त्याने विचारले.

सर्जेरावांनी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात उत्तर दिले. “जेव तू,” ते म्हणाले. पण त्या दिवशी त्याचे ताट तसेच राहिले, आणि सर्जेरावांचेही.

आता ही गोष्ट त्या घरातल्या तिघांना ठाऊक होती, आणि बाहेर कुणालाच नव्हती. सर्जेराव गिरणीत जाऊन बसले. लोकांना काय सांगायचे? मी चुकीच्या माणसाचे नाव घेतले म्हणून? इतकी वर्षे कट्ट्यावर ज्या आवाजाने सगळ्यांना गप्प केले, त्या आवाजाने हे कसे बोलायचे? खालच्या तालमीला कळले तर ते रस्त्यावर फलक लावतील. आज नको, उद्या सांगू, असे त्यांनी ठरवले. असले उद्या लवकर उगवत नाहीत.

आणि उगवायच्या आतच कट्ट्याने त्यांची सुटका केली. बाहेरच्या खेळाडूच्या नोंदणीची मुदत जवळ आली होती. एकदा नोंदणी झाली की मोसमभर बदल करता येणार नव्हता. त्यामुळे आग्नेलचे काय करायचे यावर संध्याकाळी मोठी चर्चा चालली होती. एवढा चांगला खेळणारा असा कसा खेळतो, याचे कारण कट्ट्याला हवे होते, आणि कारण हवे असले की कट्टा ते तयार करतो.

“गुडघा,” एकजण ठामपणे म्हणाला. “गुडघा गेलाय त्याचा. लपवून आलाय.”

“तरीच!” दुसरा म्हणाला. “पळताना बघा की, डावा पाय जरा जपतोयच.”

शौकतभाईंनी सर्जेरावांकडे वळून विचारले, “तुमच्या घरात ऱ्हातोय. सुजतो का गुडघा त्याचा?”

“आण्णांना काय विचारताय?” मागून कुणीतरी म्हणाले. “त्यांचा काय दोष? फसवलं की हो त्यांना त्यानं.”

सर्जेरावांना एकदम हलके वाटले. खोटे बोलायची गरज नव्हती. नुसते गप्प बसायचे होते. ते काहीतरी पुटपुटले, तंबाखूची डबी चाचपली आणि दळणाचे निमित्त सांगून उठले. दिवे लागायच्या आत सगळ्या पेठेला समजले होते की गोव्याच्या पोराने दुखरा गुडघा लपवून आण्णांना फसवले. बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि त्यात काय ठरणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सर्जेराव घरी आले तेव्हा आग्नेल ओसरीत बूट पुसत बसला होता. बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती.

“काका, माझा गुडघा बरा आहे,” तो म्हणाला. “परत पाठवा, चालेल. पण गुडघा गेला म्हणून नको. ते तिकडे पोचेल. आमच्या टीमने माझी जागा दिली दुसऱ्याला. मग दुसरे पण कोण घेणार नाही मला.”

तो रडला नाही. रडला असता तर सर्जेरावांना त्याची समजूत तरी घालता आली असती. त्यांनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या, परत काढल्या आणि आत गेले. आत इंदुमतीबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“उद्या स्टँडवर तुमीच सोडणार न्हवं त्याला?” त्यांनी विचारले.

“रीतच हाय ती.”

“मग गाडी सुटंस्तवर खिडकीपाशी हुबं ऱ्हाऊन त्याच्याशी काय बोलणार, त्ये ठरवून ठेवा.”

 काय बोलायचे ते सर्जेरावांना जेवताना सुचले नाही, आणि सकाळी आंघोळ करतानाही नाही. आग्नेल बॅग भरून त्यांच्याबरोबर निघाला. तालमीत पोचल्यावर तो बाहेरच्या पायरीवर बसला. बैठकीत खेळाडूने बसायचे नसे.

आत वस्ताद रंगरावांनी विषय काढला. पोराला परत पाठवावे आणि मुदतीच्या आत दुसरा कुणी बघावा, असे बहुतेकांचे मत होते. नाव घेणाऱ्याने तेवढे हो म्हणायचे होते.

सर्जेराव उभे राहिले. त्यांचा आवाज इतका हळू निघाला की मागच्यांना पुढे सरकावे लागले.

“त्याचा गुडघा बरा हाय,” ते म्हणाले. “त्यानं कुणाला फसवलं न्हाई. माणूस मीच चुकीचा बघितला. व्हिडिओत गोल मारणारा ह्यो न्हवंच. ह्यो त्याला पास देणारा. नाव ह्याचं ऐकलं आन् डोळं गोलवर ठिवलं. ह्याला मी न विचारता पुढं उभा करायला लावला.”

क्षणभर कुणालाच काही कळले नाही. मग कळले, आणि बैठक हसू लागली. “आण्णा, गहू टाकून बाजरी मागताय की हो!” मागून एकजण ओरडला. हसू आणखी वाढले. सर्जेराव उभेच होते. हसणे ओसरेपर्यंत ते थांबले. त्यांचे कान लाल झाले होते.

“अजून हाय,” ते म्हणाले. “ह्ये मला आधीच कळलं हुतं. काल तुमी गुडघ्याचं काढलासा, तवा मला बरं वाटलं. पोरगं बदनाम हुतंय ह्ये दिसत हुतं, तरी बरं वाटलं. त्याच्या नावावर माझी चूक खपत हुती. त्ये माझं चुकलं. त्याला पाठवायचा तर पाठवा, मी सोडून येतो. पण माझ्या चुकीपायी पाठवला म्हणून सांगा. गुडघ्याचं नाव काढू नका.”

 सर्जेराव खाली बसले आणि जमिनीकडे बघू लागले.

शौकतभाई उठून त्यांच्याजवळ आले आणि त्यांनी हात पुढे केला. सर्जेरावांना वाटले, हात धरून उठवतात की काय. पण त्यांना मोबाइल हवा होता. त्यांनी चष्मा लावला आणि तो व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी कोपऱ्याकडे बघत. एकदा बघितला, दुसऱ्यांदा बघितला. मग वस्तादांना दाखवला. बघता बघता सगळे उठून त्यांच्याभोवती गोळा झाले. तिघांच्या मधून निघालेला तो चेंडू बघून वस्तादांच्या तोंडून हलकेच ‘वा’ निघाले.

“मी कीपर हुतो,” शौकतभाई म्हणाले. “चेंडू कुठनं येतोय त्ये बघायचं कामच माझं. ह्यो व्हिडिओ आल्यापास्नं मी बघतोय. मलाबी ह्यो पोरगा दिसला न्हाई. तुमच्यातल्या कुणाला दिसला असंल तर त्यानं सर्जेरावांना खुशाल हसावं.”

 वस्तादांनी दार उघडून आग्नेलला आत बोलावले. तो बॅग हातात घेऊनच आत आला.

“तू कुठं खेळतोस रं?” वस्तादांनी विचारले. तो गावात आल्यापासून हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

“मध्ये,” तो म्हणाला.

“मग पुढं का खेळत हुतास?”

“तुम्ही सांगितलं म्हणून. मला वाटलं, इथली रीत असेल.”

वस्तादांनी डोक्याला हात लावला. त्याच दिवशी आग्नेलची नोंदणी झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो मैदानाच्या मधोमध उभा राहू लागला.

मोसम बरा गेला. फार बरा गेला असे सांगितले तर गोष्ट गोड होईल, पण ते खरे होणार नाही. करंडक त्याही वर्षी आला नाही. मात्र पेठेतली जी दोन पोरे आजवर नुसती धावत होती ती आग्नेलच्या पासवर गोल मारू लागली, आणि साखळीच्या सामन्यात खालच्या तालमीला बारवेने हरवले. फटाके त्या दिवशी अलीकडून पलीकडे ऐकू गेले.

सर्जेरावांना मात्र किंमत मोजावी लागली. खालच्या पेठेतली पोरे त्यांना बघून डोळ्यांवर हाताची दुर्बीण धरत. कट्ट्यावर त्यांनी एखाद्या खेळाडूबद्दल तोंड उघडले की कुणीतरी विचारी, “आण्णा, नक्की त्योच न्हवं?” पूर्वीसारखा त्यांचा शब्द चालेना. त्यांना वाईट वाटे, आणि ते तसे बोलूनही दाखवत. पण जेवताना त्यांना पोराच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता येई, आणि मासळीच्या वासाची तर त्यांना सवयच होऊन गेली होती.

पुढचा उन्हाळा आला आणि कट्टा पुन्हा भरला. या वेळी चर्चेत वेगळीच धास्ती होती. खालच्या तालमीने आग्नेलला निरोप पाठवला होता. तिथे त्याला स्वतंत्र खोली मिळणार होती, नवे बूट मिळणार होते, आणि उशाशी गिरणीची घरघर नसणार होती. वर त्यांच्याकडे करंडकही होता. पोरे सर्जेरावांच्या मागे लागली. “आण्णा, तुमच्या घरातलाय, तुमी त्याला दटावून सांगा.”

“मी न्हाई सांगणार,” सर्जेराव म्हणाले. “त्याचं त्यो ठरवंल. गेला तर डबा बांधून दीन.”

आग्नेल खालच्या तालमीत जाऊन त्यांच्या माणसांना भेटला. संध्याकाळी तो परत येताना दिसला तेव्हा कट्ट्यावरचे सगळे त्या बाजूला वळले. शौकतभाईंनी हातातले केळे सोलायचे थांबवले. सर्जेराव दुसरीकडेच बघत बसले होते, पण त्यांचे सगळे लक्ष पोराच्या पावलांकडे होते.

“काय ठरलं रं?” शेवटी वस्तादांनी विचारले.

“मी इथेच राहणार,” आग्नेल म्हणाला. आता त्याला मराठी बरे येऊ लागले होते. “त्यांनी विचारलं, गिरणीच्या घरात असं काय मिळतं तुला? मी सांगितलं, तिथे एक माणूस माझ्यासाठी सगळ्या पेठेसमोर उभा राहून ‘माझं चुकलं’ म्हणाला. तुमच्यात असा कोण आहे तो दाखवा, त्याच्या घरी येतो.”

“मग कुणाला दाखवलं त्यांनी?”

“कोणाला नाही,” आग्नेल म्हणाला. “ते एकमेकांकडे बघत बसले.”

तात्पर्य: निवड चुकणे हा गुन्हा नव्हे; ती चूक झाकण्यासाठी दुसऱ्याला बदनाम होऊ देणे हा गुन्हा आहे. चारचौघांत आपली चूक कबूल करणाऱ्याचा मान काही दिवस कमी होतो, पण विश्वासाने राहायला माणसे त्याच्याच घरी येतात.